एक वर्ष बेचाळीस दिवस

वकील सुनीती मॅडमचा अर्ज टाइप करताना पाचव्या ओळीवर माझी बोटं थांबली. घटना अमुक तारखेची, दोषारोपपत्र दाखल तमुक तारखेला, मधे एक वर्ष एकोणीस दिवस, सबब मुदत संपल्याने प्रकरणाची दखल घेता येत नाही, आरोपीस मुक्त करण्यात यावे. एवढंच. असले अर्ज मी अठ्ठावीस वर्षं बडवतोय. आधी मशीनवर, आता कॉम्प्युटरवर, कोर्टाच्या फाटकाला लागून असलेल्या याच पत्र्याच्या शेडमध्ये. नुसत्या दंडाचा गुन्हा असला तर सहा महिने, वर्षभरापर्यंतची कैद असली तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतची असली तर तीन. तेवढ्यात पोलिसांनी कागद कोर्टात आणला नाही तर खेळ खलास. मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. जुन्या कायद्यात कलम चारशे अडुसष्ट होतं, नव्यात पाचशे चौदा झालं. आकडा बदलला, मुदती त्याच. आरोपीचं नाव विराज, वय वीस, इथल्याच एका मास्तरांचा मुलगा. मित्रांबरोबर खाडीच्या बांधावर बाटल्यांसकट सापडलेला. वय बसत नाही, परवाना नाही. बाप बाजूच्या बाकावर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, पोराच्या गुडघ्यावर हात ठेवून. आणि त्या हाताकडे बघता बघता माझ्या डोक्यात दुसऱ्याच दोन तारखा उभ्या राहिल्या. अठ्ठावीस नोव्हेंबर बावीस. नऊ जानेवारी चोवीस. ह्या निकेशच्या तारखा, माझ्या पोराच्या. नोव्हेंबरचे दोन, डिसेंबरचे एकतीस, जानेवारीचे नऊ. एक वर्ष बेचाळीस दिवस. पुन्हा मोजले, तेवढेच आले. कलम तेच, वयही तेच, वीस. आणि त्याला मी दोन वर्षांपूर्वी याच कोर्टात उभा करून म्हटलं होतं, कबूल कर आणि मोकळा हो.

"काय झालं मोकलकाका, लाइट गेली का?" मॅडम म्हणाल्या. म्हटलं, नाही नाही, चष्मा. चष्मा कसला डोंबलाचा! अर्ज कसाबसा पुरा केला, एक प्रत जास्त निघाली, ती फाडली, मग कळलं की चुकीची फाडली. मॅडम माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, असं वाटलं. ते पोरगं आणि त्याचा बाप त्यांच्या मागून आत गेले, तासाभरात बाहेर आले, बापाने फाटकाशी उभं राहून नारळपाणी घेतलं, दोन. सुटलं पोरगं. चांगलं झालं की. मला त्याचं वाईट का वाटावं? पण वाटलं. कॉम्प्युटर बंद केला, शेजारच्या झेरॉक्सवाल्या अक्षयला म्हटलं, मी रोह्याला जाऊन येतो. तो म्हणाला, "आता? मधल्या दिवशी?" त्याला काय सांगणार. काल निकेशचा फोन आला होता. रोह्याजवळ धाटावला ज्या कंपनीत तो अडीच वर्षं कंत्राटावर राबतोय, तिथे आता सहा जणांना कायम करतायत, त्यात त्याचं नाव आहे. फॉर्म आलाय. सगळं भरलं, एक रकाना राहिला. "बाबा, कंच्याही कोर्टात दोषी ठरलाव काय, असा इचारलाय. काय लिवू? परवा सकाळी द्यायचाय." आणि मी, अठ्ठावीस वर्षं कोर्टाच्या दारात बसणारा माणूस, टीव्ही बघत बघत म्हणालो होतो, खरं काय ते लिही, दंड भरला, विषय संपला. विषय संपला म्हणे! बायको, जनी, स्वयंपाकघरातून विचारत होती, काय म्हणतोय ओ तो, नोकरी झाली काय, आणि मी म्हटलं, झाल्यात जमा.

एस.टी. स्टँडवर नागोठण्याची गाडी लागली होती, तिच्यात बसलो. पुढे बदलता येते. थांबवत नव्हतं. खिडकीशी बसलो, मग ऊन लागायला लागलं म्हणून उठून पलीकडे बसलो, मग तिथलीही जागा सोडली. कंडक्टर म्हणाला, "काका, एका ठिकाणी बसा की." गाडी वडखळकडे निघाली. डाव्या हाताला मिठाचे ढीग, पांढरे, ताडपत्री टाकलेले. माझ्या सासऱ्याने आयुष्यभर त्या आगरांत फळी ओढली, पाय मिठाने खाऊन गेले होते त्याचे. त्याच घरातलं ते लग्न, ज्याच्या पायी निकेश पकडला गेला. मेव्हण्याची मुलगी पूजा, तिची हळद. त्यांच्या गावात रीत आहे, हळदीच्या दिवशी ऊन कलायच्या आत शिवेवरच्या राखणदाराला मान पोचवायचा. नारळ, कोंबडा आणि बाटली. तो मान घेऊन जायचा तो बिनलग्नाच्या मुलाने, मामाकडच्या किंवा आत्याकडच्या. लग्न झालेला गडी चालत नाही, म्हातारा चालत नाही. म्हणजे बघा, सरकार सांगतं की एवढं वय झाल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, आणि शिवेवरचा देव सांगतो की बाटली कोवळ्या पोरानेच आणायची. दोघांच्या मधे सापडलं माझं पोरगं. मेव्हण्याने मांडवात विचारलं, मान कोण नेणार? मी छाती फुगवून म्हणालो, आमचा निकेश नेईल. आमचा निकेश! केवढा मानाने बोललो मी.

फाट्यावर निवडणुकीची नाकाबंदी होती. त्याच्या मोटरसायकलला लावलेल्या पिशवीत नारळ होता, कोंबडा होता, हळदकुंकू होतं आणि दोन बाटल्या. हवालदाराने कोंबडा सोडला, बाटल्या धरल्या. मला फोन आला तेव्हा मांडवात ढोल वाजत होता, मी एका कानात बोट घालून ऐकत होतो. चौकीवर गेलो. निकेश बाकावर बसला होता, हळदीचा पिवळा डाग सदऱ्यावर. चौकीच्या साहेबांनी मला ओळखलं. "अरे, मोकल, तुम्ही तर कोर्टातले. तुमचा मुलगा?" त्या एका वाक्याने माझी मान जी खाली गेली ती गेलीच. निकेश म्हणाला, साहेब, देवाच्या मानाची हाय. साहेब हसले, म्हणाले, देव दोन पितो काय? आणि मग निकेशकडे वळून विचारलं, वय वीस, तुला दुकानातून दिली कोणी? निकेशने माझ्याकडे बघितलं. एवढंसं. मग खाली बघत म्हणाला, मीच आणली. साहेबांनी लिहून घेतलं. मी बाजूला उभा होतो. बाजूलाच, हाताच्या अंतरावर.

आणि बाटल्या मी आणल्या होत्या. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, जनीलाही नाही. सकाळी पेणमधून, माझ्या खिशातल्या पैशाने, कागदात गुंडाळून. एक राखणदाराची आणि एक आमची, मागच्या पडवीत बसून प्यायची, मेव्हण्यांची आणि माझी. दोन्ही त्याच पिशवीत टाकल्या, कारण मांडवात बायका होत्या, हातात बाटली घेऊन कोण फिरणार. दुसरी येताना परत आण, असं त्याच्या कानात सांगितलं होतं. चौकीत एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, मी आणल्यात. बस. पण माझ्या डोळ्यांपुढे काय आलं, तर माझं टेबल. फाटकाजवळ बसायचा परवाना दरवर्षी नवा करायचा, त्यावर लिहिलेलं, चारित्र्य चांगले असावे. वय न भरलेल्या पोराच्या हातात दारू दिली म्हणून माझ्यावरच गुन्हा झाला तर? वकील लोक काय म्हणतील? परवान्याचं बघणारा नाजर काय म्हणेल? मी गप्प बसलो. वर मांडवाकडे परतताना त्याच्यावरच ओरडलो. पिशवीत वर दिसतील अशा ठेवायच्या काय रे, गाढवा? असं ओरडलो. हळद लागायची राहिली होती पूजाला, आमच्यासाठी थांबले होते सगळे.

गाडी नागोठण्याच्या पुलावर आली. अंबा नदीचं पाणी खाली गेलेलं, दगड दिसत होते. रोह्याची गाडी मिळाली, उभ्यानेच. एक कामगार बाई, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, सरकून म्हणाली, बसा काका. मी बसलो नाही. बसलं की डोकं जास्त चालतं. मला एकच गोष्ट स्वतःला विचारायची होती आणि ती विचारायची हिंमत होत नव्हती. त्या मार्चमध्ये, निकेशला कोर्टात उभा केला तेव्हा, मी तारखा मोजल्या नाहीत, की मोजायच्या नव्हत्या? लोकअदालत होती. तशा दिवशी जुनी किरकोळ प्रकरणं ढिगाने निघतात. लोक येतात, कबूल म्हणतात, दंड भरतात, घरी जातात. आमच्याकडे सगळे असंच करतात. कबूल करून टाक, कटकट मिटव, हे वाक्य मी स्वतः शंभर जणांना फुकट सांगितलंय. दंड भरला म्हणजे पावती मिळाली, पावती मिळाली म्हणजे मिटलं, असंच सगळ्यांना वाटतं. त्या पावतीचा अर्थ शिक्षा लागली असा होतो, आणि तो अर्थ पुढे पासपोर्टाला, नोकरीला आडवा येतो, हे त्यांना कुठून कळणार. पण मला कळत होतं ना? त्याचं दोषारोपपत्र माझ्या हातात होतं. पहिल्याच पानावर दोन्ही तारखा. सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत ते पान माझ्या टेबलावर होतं, पेपरवेटखाली. दुसऱ्याच्या पोराचं असतं तर मी नजर टाकताक्षणी वकिलाला म्हटलं असतं, मॅडम, मुदत बघा. मी पान बघितलं. तारखा दिसल्या. दिसल्या म्हणजे, डोळ्यांपुढून गेल्या. आणि मी तो कागद उलटा करून ठेवला, कारण मुदतीचा अर्ज केला तर सरकारी वकील उत्तर देणार, तारीख पडणार, साक्षी निघणार, आणि कोणीतरी विचारणार की वीस वर्षांच्या पोराला बाटली दिली कोणी. हे असं होतं. हेच होतं. रोह्याच्या रस्त्याला गाडी वळली तेव्हा मी ते मनातल्या मनात पहिल्यांदा पुरं म्हटलं, आणि बाईने पुन्हा विचारलं, काका, बरं नाय काय वाटत?

त्या लोकअदालतीच्या दिवशी पट्टेवाल्याने आत पुकारलं, निकेश कान्हू मोकल. तो कठड्यापाशी गेला. मी दारात उभा राहिलो, आतही नाही, बाहेरही नाही. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? त्याने मान वळवून दाराकडे बघितलं. मी मान हलवली, जोरात, घाई असल्यासारखी. कबूल. साहेबांनी दंड सांगितला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. ही शिक्षा ऐकायला गंमतीची वाटते. मागच्या बाकावर बसायचं, कोर्टाचं काम संपेपर्यंत. मी माझ्या टेबलावर जाऊन दुसऱ्यांची कामं टाइप करत बसलो. चार वाजता चहा पाठवला, पोऱ्याने ग्लास परत आणला, भरलेला. म्हणाला, नको बोलला. साडेपाचला तो बाहेर आला, माझ्या टेबलासमोरून सरळ स्टँडकडे गेला. मला वाटलं, रुसलाय. पोरं रुसतात. मी समाधानाचा श्वास सोडला हो! सुटलो असं वाटलं मला. काय माणूस आहे मी.

रोह्याला उतरलो तेव्हा साडेचार झाले होते. त्याची पहिली पाळी, तीनला सुटते. खोली माहीत होती, एकदाच आलो होतो, गॅसची शेगडी पोचवायला. दार उघडंच होतं. निकेश मोरीत बसून कंपनीची निळी पँट घासत होता. मला बघून उठला नाही, घाबरला. "आई बरी हाय ना?" म्हटलं, आई बरी आहे. "मंग तुमी कसं काय?" मी खाटेवर बसलो, लगेच उठलो. भिंतीला टेकून फॉर्म ठेवला होता, पारदर्शक पिशवीत, वर पेन अडकवलेलं. विचारलं, "तो रकाना भरलास?" "नाय. सकाळी भरणार. दोषी ठरलो व्हतो असाच लिवणार, तुमी बोललाव तसा." म्हटलं, "थांब. ऐक." आणि बोलायला लागलो. तारखा सांगितल्या, एक वर्ष सांगितलं, बेचाळीस दिवस सांगितले, विराजचं सांगितलं, कोर्टाने प्रकरण घ्यायलाच नको होतं, तुला कबूल करायचंच नव्हतं, माझी चूक झाली, माझ्या लक्षात आलं नाही. शेवटचं वाक्य बोललो आणि जीभ अडखळली. लक्षात आलं नाही, हे पुन्हा खोटंच होतं.

तो पँट पिळत होता. पाणी मोरीत गळत होतं. पँट खुंटीवर टाकली, हात पुसले. मग म्हणाला, "म्हायती हाय मला."

"काय माहिती आहे?"

"मुदत गेलेली, ते. त्या दिवशीच म्हायती व्हतं. सुनीती मॅडम भेटल्या व्हत्या, वरांड्यात. माझा कागद वाचला नि बोलल्या, कबूल करू नको, मी उभी राहते, आजच सुटशील."

दोन वर्षं मॅडम माझ्याकडे काम देतायत, एका शब्दाने बोलल्या नाहीत. "मग? मग कबूल का केलंस, निकेश?"

"त्यांनी इचारला, बाटली कुणी दिली. सांगून ठेव बोलल्या, आत इचारतील. मी बोललो, बघतो. बाबांना काय सांगू नका बोललो." तो खाली बसला, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी. आता तेविशी उलटली, तरी तसाच बसतो. "त्या मॅडमना खोटा सांगायला जमला नसता मला. आनि खरा सांगितला असता तर तुमचा टेबल गेला असता. कबूल बोललो, तर कोन काय इचारनार नव्हता."

"अरे, पण मी..." मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, "मला तारखा दिसल्या होत्या. कागद माझ्याकडे होता, मी उलटा ठेवला. मला माहीत होतं रे."

शेजारच्या खोलीत कोणीतरी मिक्सर लावला, बंद केला. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो, पण बघितलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. राग असता तर बरं झालं असतं. "असा वाटायचा मला कदी कदी," तो म्हणाला. "पन तुमाला इचारला नाय."

मी उठलो. त्याच्याकडे वही मागितली, लांब पानांची. अलिबागला वरच्या कोर्टात अर्ज करता येतो, म्हटलं, शिक्षा रद्द करून घ्यायचा. त्याची नव्वद दिवसांची मुदत कधीच गेली, पण उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज देता येतो, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. फॉर्ममध्ये खरं लिही, आणि खाली लिही की निर्णयाविरुद्ध अर्ज करतोय, हे प्रतिज्ञापत्र सोबत जोडलंय. कंपनीचे साहेबलोक मानतात की नाही, मला माहीत नाही. पण रिकाम्या हाताने तू जायचं नाहीस. तो म्हणाला, "कुणाचा प्रतिज्ञापत्र?" म्हटलं, माझं. आणि लिहायला लागलो. मी, कान्हू गोमा मोकल, वय सत्तावन्न, धंदा टंकलेखन, राहणार पेण, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, दिनांक अठ्ठावीस नोव्हेंबर दोन हजार बावीस रोजी माझ्या मुलाजवळ मिळालेल्या दोन्ही बाटल्या मी स्वतः विकत घेऊन त्याच्या पिशवीत ठेवल्या होत्या. हाताने लिहायची सवय गेलीय, अक्षर वाकडं येत होतं. मोठ्याने वाचून दाखवलं. निकेश म्हणाला, "टेबल जाईल." म्हटलं, जाऊ दे. "आईला काय सांगनार?" म्हटलं, हेच.

मग नव्या पानावर निकेशच्या नावाचा, उशीर माफ करण्याचा अर्ज. उशीर का झाला, त्याचं कारण. हे कारण मी लोकांसाठी इतक्या वेळा लिहिलंय, आजारपण, अज्ञान, पूर, गावी मयत, कागदपत्रं गहाळ. पेन टेकवलं आणि सवयीने लिहून गेलो, मुदतीच्या कायद्याबाबत अर्जदार अनभिज्ञ असल्याने. निकेशने वाकून वाचलं. माझ्या हातातून पेन घेतलं आणि ती ओळ एका रेघेने खोडली.

"तसा नका लिवू. मला म्हायती व्हता."

"मग कारण काय लिहू?"

त्याने पेन मला परत दिलं. माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "माझे वडील दारात उभे व्हते, असा लिवा."

मी तसंच लिहिलं.